‘हे वाच’ म्हणणारं माणूस

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडपात एक सत्तरीचे काका माइक धरून उभे राहिले. टीएमटीतून, म्हणजे ठाण्याच्या महापालिका बससेवेतून, ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत त्यांची ओळख म्हणजे पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह वेळेवर सोडणारे काका. ते बोलायला लागले ‘बनगरवाडी’वर. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ साली पुस्तकरूपात आलेली.

“मास्तर पहाटे उठून चालत निघतो. एकटाच. गाव नवं, नोकरी नवी. मी पण असाच निघालो होतो, बहात्तरच्या दुष्काळात, आटपाडीकडून. मास्तर गावात चालला होता आणि मी गावातून बाहेर, एवढाच फरक.” मग त्यांनी धनगरांच्या त्या वाडीतल्या कारभाऱ्याबद्दल सांगितलं, मास्तरानं उभी करवलेल्या तालमीबद्दल सांगितलं. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते, तिथं आल्यावर त्यांचा आवाज खाली आला. “ती पानं वाचली की मला आमच्या घराची कडी दिसते. आईनं लावलेली.”

प्रत्येकाला तीन मिनिटं दिली होती. काकांनी नऊ घेतली. कुणी घंटा वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरची नववीतली मुलगी त्यांच्या दारात गेली आणि म्हणाली, “काका, ते पुस्तक द्याल?” ती इंग्रजी माध्यमातली. मराठी वाचते, पण ओळीखाली बोट धरून. तिला ते छोटंसं पुस्तक वाचायला तीन आठवडे लागले. पण तिनं ते पूर्ण वाचलं, आणि मधे मधे जिन्यात काकांना गाठून ‘रामोशी म्हणजे कोण’, ‘तालीम म्हणजे जिम का’ असं विचारत राहिली.

मुलं वाचत नाहीत, मोठेही वाचत नाहीत, वाचनसंस्कृती लयाला चालली, ही चर्चा मी गेली तीस वर्षं ऐकते आहे. त्यावर उपाय म्हणून आपण घोषणा देतो, शपथा घेतो, दिवस साजरे करतो. डॉ. कलामांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन असतो. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन. ते दिवस असावेत, माझी तक्रार नाही. पण त्या दिवशी मुलांना आपण काय सांगतो? वाचनानं ज्ञान वाढतं, शब्दसंपत्ती वाढते, माणूस घडतो. म्हणजे शेवग्याच्या पाल्यात लोह असतं, या चालीवर आपण पुस्तकाबद्दल बोलतो. पाला पौष्टिक आहे म्हणून कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. आजीच्या हातची भाजी आवडली, म्हणून घेतं.

पुस्तक एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं ते आवडीच्या बोटाला धरून, असं माझं ठाम मत आहे. कुणीतरी डोळ्यांत चमक आणून ‘अरे, हे वाच’ म्हणावं लागतं. आपल्याकडे पुस्तकं पुष्कळ आहेत, ‘हे वाच’ म्हणणारी माणसं मात्र गप्प बसली आहेत. ती का गप्प बसली आणि त्यांना बोलतं करायला काय करावं लागेल, हा मला सार्वजनिक प्रश्न वाटतो. रस्त्यांचा, पाण्याचा असतो तितकाच.

एक साधी गोष्ट बघा. नव्या मालिकेबद्दल लिफ्टमध्ये कुणीही कुणालाही सांगतं. ‘मालिका बघा’ अशी मोहीम सरकारला काढावी लागत नाही. मिसळ कुठं चांगली मिळते यावर ठाणेकर अर्धा तास बोलेल, रश्शाचा रंग, फरसाणाचा कुरकुरीतपणा, सोबतचं ताक, सगळं सांगेल. तिथं कुणी ‘मी काही पाककलेतला तज्ज्ञ नाही’ असं म्हणत नाही. पण पुस्तकाचा विषय निघाला की तोच माणूस आवरतं घेतो. “वाचलं मी. छान आहे.” संपलं. पुस्तकावर बोलणं हे प्राध्यापकांचं, समीक्षकांचं, फार तर रविवारच्या पुरवणीत लिहिणाऱ्यांचं काम, असं आपण कधीतरी ठरवून टाकलं. मराठीच्या पेपरात ‘लेखकाने यातून कोणता संदेश दिला आहे’ हा प्रश्न दहा वर्षं सोडवल्यावर, संदेश सापडला नाही तर आपल्याला पुस्तक कळलंच नाही अशी धास्ती मनात बसते. ती पन्नाशीतही जात नाही.

आमच्या मंडपात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काकांच्या आदल्या वर्षी आम्ही पुस्तक परिचयाची स्पर्धा ठेवली होती. तीन गट, परीक्षक, बक्षिसं. अकरा मुलं आली. अकराही जणांनी पाठ केलेलं म्हटलं. सुरुवात लेखकाच्या जन्मगावापासून आणि शेवट ‘या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो की’ इथं. एका मुलीला मधेच आठवेना, तेव्हा ती खाली बसलेल्या आईकडे बघायला लागली आणि आई ओठांनी शब्द सांगायला लागली. पुस्तक त्या दोघींच्या मधे कुठंच नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर मी तिला विचारलं, “तुला त्यातलं काय आवडलं गं?” ती म्हणाली, “मावशी, हे विचारणार होते का?”

म्हणून पुढच्या वर्षी स्पर्धा काढून टाकली. वयाचे गटही काढले. अटी दोनच: बोध सांगायचा नाही, आणि पुस्तकातली एक तरी जागा अशी सांगायची जिथं तुम्ही थांबलात, हसलात, रडलात किंवा मागचं पान पुन्हा उलटलंत. कमिटीत कुरकुर झाली. बक्षीस नसेल तर कोण येणार? सतरा जण आले. सर्वांत लहान आठ वर्षांचा, सर्वांत मोठ्या आजी ब्याऐंशीच्या.

त्या आठ वर्षांच्या मुलानं भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सांगितला. खरं तर सांगितला कमी आणि केला जास्त. “तो कुठं पण गेला ना, की तिथं गडबड होतेच. तो मुद्दाम नाही जात गडबडीत. ती होते.” मग त्यानं जिभेनं ‘ट्टॉक’ वाजवून दाखवलं, मंडपातल्या सगळ्या पोरांनी त्याच्यामागून वाजवलं, आणि शेवट काय झाला असं विचारल्यावर तो म्हणाला, “नाय सांगणार. वाचा.” पुस्तकाची शिफारस याहून नेमकी कशी करतात? पात्राचा स्वभाव एका वाक्यात आला, आवाज आला, आणि शेवट राखून ठेवायचं भानही आलं. पुढच्या रांगेत बसलेल्या दोन आजोबांनी लहानपणी हेच वाचलं होतं. बाहेर चहा घेताना ते दोघं आणि तो मुलगा, तिघांचं बनेश फेणेवर जे चाललं होतं, त्यात साठ-पासष्ट वर्षांचं अंतर कुणाला जाणवत नव्हतं.

‘सर्व वयांसाठी’ या शब्दांचा अर्थ मला त्या चहाच्या टेबलापाशी नीट कळला. आपण पुस्तकांवर वयोगटाचे शिक्के मारतो, ते दुकानात मांडणी सोपी जावी म्हणून. वाचणाऱ्याला त्या शिक्क्याचा उपयोग फार थोडा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अकरा वर्षांची होते. माझी आत्या मेथी निवडता निवडता मोठ्यानं वाचायची आणि स्वतःच इतकी हसायची की पुढचं वाक्य आम्हाला ऐकूच यायचं नाही. तेव्हा मला त्यात दिसला तो लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा कहर, घरात येईल ती वस्तू धुऊन घेण्याचं वेड. लग्नानंतर पुन्हा वाचली, तेव्हा दिसले त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, घरात न सांगता निघून जाणारे, आणि मागं राहून रोजचा संसार रेटणारी बाई. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, त्यानंतरची लक्ष्मीबाईंची एकटेपणाची वर्षं वाचताना मी तेव्हा पुस्तक दोनदा मिटून ठेवलं. आता पन्नाशीनंतर वाचते, तर जाणवतं की एवढं सगळं भोगून या बाईच्या लिहिण्यात कुणाविषयी डूख नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं लिहिलेलं हे पुस्तक. अकराव्या वर्षी कुणी मला ‘हे मोठ्यांचं आहे, ठेव’ म्हटलं असतं, तर मी त्या तिन्ही वाचनांना मुकले असते. पहिलं वाचन झालं नसतं, तर पुढच्या दोन्हीकडे मी गेले असते असं मला वाटत नाही.

उलट दिशाही तितकीच खरी. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. माधुरी पुरंदरेंची चित्रं असलेलं पुस्तक हातात घेऊन बसलेली साठीची बाई दिसली, तर तिच्याकडे नातवंडं आहेत असं आपण गृहीत धरतो. तिला स्वतःला ते आवडत असेल, हे आपल्या मनातच येत नाही. ती सांगतही नाही, तिला संकोच वाटतो. हा संकोच आधी गेला पाहिजे.

ठाण्यासारख्या शहराला तर हे जड जायचं कारणच नाही. इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झालं. तेव्हाच्या लायब्ऱ्यांमधून इंग्रजी पुस्तकांचा मान मोठा होता, आणि त्या काळात मराठी ग्रंथ जमवायचे, जपायचे, लोकांना वाचायला द्यायचे असं ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं. २०१० साली साहित्य संमेलन याच शहरात भरलं होतं. ज्या गावात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ माणसं पुस्तक बदलायला जात आहेत, तिथं पुस्तकाबद्दल बोलायची लाज कशाला?

पुस्तक बदलायला जाणं. हा शब्दप्रयोग मला फार प्रिय आहे. माझ्या लहानपणी नौपाड्यात शनिवारी हे काम माझ्याकडे असे. कपाटांपर्यंत जायची मुभा नव्हती. यादीतून क्रमांक शोधायचे, चिठ्ठीवर पाच-सहा लिहायचे आणि काउंटरवर द्यायची. पलीकडे एक चष्म्यातले गृहस्थ असत. ते चिठ्ठी वाचत, वर बघत आणि म्हणत, “यातली तीन बाहेर आहेत. उरलेली दोन तुला आवडायची नाहीत. हे ने. तुझ्या आईलाही आवडेल, तिला आधी देऊ नकोस, परत मिळायचं नाही.” काउंटरखालून पुस्तक निघायचं, माझ्यासाठी काढून ठेवलेलं. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. माझ्या आवडीनिवडी मात्र त्यांना माझ्या मराठीच्या बाईंपेक्षा जास्त ठाऊक होत्या.

मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. दुसरं सूत्र: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दुसरं सूत्र सगळ्यांना पटकन समजतं. मला तिसरं अधिक महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात पुस्तकाच्या बाजूनं विचार केलेला आहे. पुस्तक कपाटात उभं आहे, त्याला तोंड नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी बोलायला हवं. कपाटं उघडी ठेवल्यानं, म्हणजे मुक्तद्वार पद्धतीनं, अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काम त्या चष्म्यातल्या गृहस्थांचं.

आणि नेमकं तेच काम आज कुणाच्या हिशेबात धरलेलं नाही. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. राज्यात अकरा हजारांहून अधिक ग्रंथालयं त्याखाली अनुदान घेतात, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्ग ठरतो तो पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती, अशा मोजता येण्याजोग्या गोष्टींवर. तपासणीला येणारा माणूस दाखल नोंदवही बघणार. काउंटरवरच्या बाईंनी या महिन्यात कुणाला कोणतं पुस्तक आपणहून सुचवलं, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या त्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्यांच्याकडून नोंदी मागतो, त्या नोंदी देतात.

माझा भाचा बारा वर्षांचा आहे, ऐरोलीला राहतो. खाडीवर फ्लेमिंगो उतरले की त्याला घरात कोंडून ठेवता येत नाही. मागच्या हिवाळ्यात मी त्याला मारुती चितमपल्लींबद्दल सांगितलं. जंगलात नोकरी करता करता पक्ष्यांची मराठी नावं गोळा करत हिंडलेला माणूस, हे ऐकूनच तो उठला. आम्ही एका वाचनालयात गेलो. त्याचं कार्ड बालविभागाचं. पुस्तक मोठ्यांच्या विभागातलं. “या वर्गणीवर हे देता येत नाही.” तो काही बोलला नाही, पुस्तक परत फळीवर ठेवलं आणि ते नीट उभं राहावं म्हणून शेजारची दोन पुस्तकं सरकवली. मला ते सरकवणं अजून दिसतं. नियम करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार, मुलाच्या हाती नको ते पडू नये एवढाच हेतू असेल. काही पुस्तकं बाराव्या वर्षी देऊ नयेत, हे मलाही मान्य आहे. पण ती कोणती, हे पुस्तक वाचलेला माणूस मूल बघून ठरवू शकतो. वर्गणीच्या पावतीला ते ठरवता येत नाही.

या सगळ्यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो हलका नाही. सगळेच ‘आवडलं, आवडलं’ करत सुटले तर बऱ्यावाईटाचा विवेक कुठं राहील? मोबाइलवर रोज कुठल्या ना कुठल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाखाली ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘जरूर वाचा’ असं लिहिलेलं दिसतंच. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. ‘अप्रतिम’ हे मत नव्हे, तो शिष्टाचार झाला. लग्नात ‘जेवण छान होतं’ म्हणतात तसा. उत्साहाला पुरावा लागतो, आणि तो पुस्तकातल्या एखाद्या नेमक्या जागेचा लागतो. घराची कडी आठवली, गडबड मुद्दाम होत नाही, वडील सगळं धुऊन घेतात. असं बोट ठेवता आलं की ऐकणाऱ्याला आपोआप कळतं, हे पुस्तक माझ्यासाठी आहे की नाही. त्या संध्याकाळी ‘बनगरवाडी’ ऐकून एका मुलानं सरळ सांगितलं, “मला नाही वाचायची, त्यात मेंढ्या मरतात.” काका म्हणाले, “बरोबर आहे बाळा, थांब अजून दोन वर्षं.” समीक्षा आपल्या जागी राहील, ती राहायलाच हवी. पण समीक्षेपर्यंत पोचणारा वाचक आधी तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होतो तो कुणाच्या तरी आवडीची लागण होऊन.

तेव्हा माझं मागणं अवघड नाही, खर्चिक तर नाहीच. ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचनालयांनी, महापालिकेच्या असोत वा संस्थांच्या, पुस्तकाच्या शेवटी तारखेची पट्टी चिकटवतात तिच्यासमोर एक कोरा कागद चिकटवावा. वाचून झालेल्यानं त्यावर दोन ओळी लिहाव्यात, वय लिहावं, नाव नको. शाळांनी महिन्यातला एक तास शिक्षकांसाठी ठेवावा, ज्यात शिक्षक स्वतःचं आवडतं पुस्तक मुलांना सांगतील आणि त्यावर प्रश्न विचारणार नाहीत. शिक्षक स्वतः वाचत नसतील तर ते त्या तासाला उघडं पडेल, तेही बरंच. पालकानं सही करून दिली तर मुलाला मोठ्यांच्या विभागातलं पुस्तक मिळावं. आणि अनुदानाचे नियम कधी नव्यानं लिहिले जातील तेव्हा, ग्रंथालयानं वर्षभरात वाचकांना एकत्र बसवून किती वेळा बोलतं केलं, याचाही एक रकाना त्यात असावा.

चितमपल्लींचं ते पुस्तक शेवटी मी माझ्या कार्डावर काढलं. भाच्यानं ते दोन आठवड्यांत वाचलं, मुदत एकदा वाढवून घेतली, आणि परत करायच्या आदल्या रात्री वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं: ‘पक्षी आवडत असतील तर वाचा. नसतील तरी वाचा, आवडायला लागतील. शब्द कठीण आहेत पण पुढे गेलं की कळतात. वय १२.’ पान घडी करून पुस्तकात ठेवलं. काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक उघडलं, कागद काढला, वाचला. क्षणभर थांबल्या. मग तो पुन्हा घडी करून आत ठेवला आणि तारखेचा शिक्का मारला.

गेल्या शनिवारी पुस्तक बदलायला गेले होते, तेव्हा सहज त्या फळीपाशी डोकावले. पुस्तक जागेवर नव्हतं. बाई म्हणाल्या, “बाहेर आहे. दोन वेळा गेलं मधे.”